पसंतीक्रम कोणाचा?

मुलांच्या शिक्षणाविषयी बोलताना आपण मराठी माणसे 'घालणे' हे क्रियापद वापरतो. ''नातवाला कोणत्या शाळेत घातले?'' असे सहज विचारतो आणि त्यात वावगे काही नाही. चार वर्षांचे मूल आपण होऊन शाळेत जात नाही, त्याला घालावेच लागते. या वाक्यात कर्ता पालक असतो आणि मूल हे कर्म असते. पुढे तेच मूल सतरा-अठरा वर्षांचे होते, बारावीची परीक्षा देते, तरी आपले वाक्य बदलत नाही. ''मुलाला इंजिनिअरिंगला कुठे घालणार?'' असेच आपण विचारत राहतो. ही केवळ बोलण्याची सवय आहे, की तिच्यामागे एखादा नैतिक प्रश्न दडलेला आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची घराणी भोपाळला स्थिरावली ती १९५६ नंतर. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतील माणसे फाइलींच्या गठ्ठ्यांबरोबर येथे दाखल झाली. हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखानाही त्याच काळातला. त्याच्याबरोबर पिपलानी-बरखेड्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. मुलाने इंजिनिअर व्हावे ही आकांक्षा आपल्या घरांत शिरली ती याच सुमारास. पण त्या वेळी निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. जबलपूरचे महाविद्यालय १९४७ चे, इंदूरचे गोविंदराम सेकसरिया १९५२ चे, ग्वाल्हेरचे माधव इन्स्टिट्यूट १९५७ चे. भोपाळचे मौलाना आझाद आणि विदिशाचे सम्राट अशोक ही दोन्ही १९६० ची. अशी मोजकीच नावे होती. गुण जेथे नेतील तेथे मुलगा जाई, आणि जी शाखा मिळेल ती शिके.

त्याच्याही मागे गेलो तर निवड आणखी अरुंद होती. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात अभियांत्रिकी शिकण्याची प्रमुख ठिकाणे म्हणजे रुरकी, गिंडी, शिबपूर आणि पुणे. विश्वेश्वरय्या १८८१ साली बंगळूरला बी. ए. झाले, म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन पुण्यास आले आणि १८८३ साली तेथून अभियंते होऊन बाहेर पडले. पुणे की रुरकी, असा घोळ त्यांच्या घरी किती दिवस चालला असेल, असा प्रश्नही आपल्या मनात येत नाही.

जेथे निवड नसते तेथे निवडीची जबाबदारीही नसते. परिस्थितीला बोल लावून माणूस मोकळा होतो. आपल्या पिढीला ही सवलत मिळाली. आपल्या नातवंडांना ती नाही.

बाग सेवनियातील एखाद्या घराचेच उदाहरण घ्या. एका बाजूस एम्स, दुसऱ्या बाजूस बरकतउल्ला विद्यापीठ, म्हणजे उच्च शिक्षण अक्षरशः दारात आहे. शहरात मौलाना आझाद आहे; २००२ पासून ती राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाली आहे. १९९८ साली स्थापन झालेले राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ आहे आणि त्याच्याशी संलग्न अशी खासगी महाविद्यालयांची मोठी रांग आहे. सीहोरच्या रस्त्यावर खासगी विद्यापीठे आहेत. इंदूरला २००९ पासून आयआयटी आहे. शिवाय मराठी घर म्हटले की नागपूरचे विश्वेश्वरय्या, पुण्याचे सीओईपी आणि मुंबईचे व्हीजेटीआय ही नावे आल्यावाचून राहत नाहीत.

येथे आपल्या समाजापुरता एक चमत्कारिक पेच उभा राहतो. पुणे आपल्याला आपले वाटते. तेथे मामा असतो, आत्या असते, निदान कोणाची तरी सदनिका असते. पण नियमाला नाती कळत नाहीत. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि राज्य ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून. त्यामुळे आपला मुलगा मौलाना आझादमध्ये 'गृहराज्याचा' आणि नागपुरात 'परराज्याचा' ठरतो. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांच्या बहुतेक जागा महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठीच आहेत. सात दशकांत आपण भोपाळचे झालो आहोत, हे आपल्याआधी नियमांनी ओळखले, असे म्हणावे लागेल.

आता निर्णय कसे घेतले जातात ते पाहू. घरोघरी एक तक्ता असतो. त्यात महाविद्यालयाचे नाव, शाखा, गतवर्षी शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला मिळाली तो आकडा, आणि कोणाला किती लाखांचे पॅकेज मिळाले त्याची ऐकीव नोंद असते. शेवटच्या क्रमांकाचा आकडा जितका लहान, तितके महाविद्यालय चांगले, हा सर्वमान्य सिद्धांत. पण हा आकडा नेमके काय सांगतो? गतवर्षीच्या मुलांना काय हवे होते, एवढेच. तेथे प्रयोगशाळा कशी आहे, गणित कोण शिकवतो, याविषयी तो मौन पाळतो. गतवर्षीच्या मुलांनी त्याच्या आदल्या वर्षीचा आकडा पाहिलेला असतो. म्हणजे प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीकडे पाहून चालतो आणि रांगेच्या तोंडाशी कोण आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

सरकारी मानांकनाचा आधार त्याहून बरा, हे खरे. २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय मानांकनात पाच निकष असतात: अध्यापन व साधनसामग्री, संशोधन, विद्यार्थ्यांची निष्पत्ती, सर्वसमावेशकता आणि लोकमत. पहिल्या चारांतून काही तरी कळते. पाचवा निकष मात्र पुन्हा 'लोक काय म्हणतात' हाच आहे.

या साऱ्या गोंधळात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे पालकांचे लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. ती म्हणजे प्रवेशाची पद्धत. २०१५ पासून आयआयटी, एनआयटी आदी केंद्रीय संस्थांचे प्रवेश एकत्रितपणे होतात. विद्यार्थ्याने आपला पसंतीक्रम भरावयाचा, हवी तितकी नावे लिहावयाची, आणि यंत्राने जागा वाटावयाच्या. या वाटपाच्या मुळाशी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेली रीत आहे. त्यांच्या निबंधाचा विषयच महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाचे स्थैर्य असा होता. याच शाखेतील कामासाठी शॅप्ली यांना आल्विन रॉथ यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल तोवर हयात नव्हते.

या रीतीचे मर्म साध्या भाषेत असे. पुष्कळ पालकांना वाटते की आवाक्याबाहेरचे नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले, तर ते तर मिळत नाहीच, उलट दुसरेही हातचे जाते. म्हणून 'सुरक्षित' नाव वर लिहावे. ही समजूत चुकीची आहे. यंत्र आधी पहिली पसंती तपासते. ती मिळण्याजोगी नसेल तर दुसरी तपासते. दुसऱ्या ठिकाणी जागा मिळणार की नाही, हे विद्यार्थ्याच्या गुणानुक्रमावर ठरते. ते नाव त्याने कितव्या स्थानी लिहिले यावर ते ठरत नाही. सारांश, मनात जो क्रम आहे तोच कागदावर लिहिणाऱ्याचे नुकसान होत नाही आणि डावपेच लढवणाऱ्याला अधिक काही मिळत नाही. खरे बोलणाऱ्याचा तोटा होऊ नये अशी व्यवस्था व्यवहारात विरळाच आढळते. येथे गणिताने ती करून दिली आहे.

पण गणिताची धाव येथपर्यंतच. खरे लिहा, तोटा होणार नाही, एवढीच हमी ते देते. खरे काय आहे, हे ते सांगू शकत नाही. ते विद्यार्थ्यालाच ठाऊक असावे लागते. आणि आपल्या घरांतून नेमके तेच विचारले जात नाही. पसंतीक्रम भरला जातो मुलाच्या नावाने. त्यातली पसंती असते वडिलांची, काकांची, शिकवणी वर्गाच्या संचालकाची, शेजारच्या फ्लॅटमधील यशस्वी मुलाची. यंत्राने सत्याला संरक्षण दिले आणि आपण त्याच्या हाती उसनी यादी दिली, असा हा प्रकार आहे.

फ्रेंच तत्त्वचिंतक सार्त्र यांनी १९४५ साली पॅरिसमधील एका व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगितली होती. महायुद्धाचे दिवस होते. मुलाचा थोरला भाऊ युद्धात मारला गेलेला आणि आई सर्वस्वी याच्यावर विसंबून. त्याने इंग्लंडला जाऊन मुक्ती सेनेत दाखल व्हावे, की आईजवळ राहावे? सार्त्र यांनी त्याला उत्तर दिले नाही. तू स्वतंत्र आहेस, निवड कर, एवढेच सांगितले. पुष्कळांना हे उत्तर कोरडे वाटते. पण त्याच व्याख्यानात त्यांनी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली: सल्ला कोणाकडे मागावयाचा हे ठरवतानाच माणसाने अर्धी निवड केलेली असते, कारण तो गृहस्थ काय सांगणार, याचा अंदाज त्याला असतोच. आपल्या मुलांची अडचण याहून बिकट आहे. सल्लागार कोण, हेही त्यांना निवडता येत नाही. ते जन्माबरोबरच लाभलेले असतात.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. आमच्या बाग सेवनियातील एक मराठी कुटुंब. थोरल्या मुलाला दोन वर्षांपूर्वी बँकेचे कर्ज काढून पुण्यास एका खासगी विद्यापीठात पाठवले होते. आता धाकट्या मुलीची पाळी होती. गुण बरे, पण फार वरचे नव्हेत. मंत्रालयात नोकरी केलेल्या माणसाला नियम कळत असतील, या समजुतीने तिचे वडील यादी घेऊन माझ्याकडे आले. मुलगीही बरोबर होती. ''काका, एकदा नजर घाला,'' म्हणाले. यादीत पहिली पाच नावे भोपाळमधील खासगी महाविद्यालयांची आणि शाखा सर्वत्र एकच, संगणक. सहावे नाव जबलपूरच्या शासकीय महाविद्यालयाचे आणि शाखा स्थापत्य. क्रम पाहून मला नवल वाटले. मी मुलीला विचारले, ''यातली तुझी यादी कुठून सुरू होते?'' ती वडिलांकडे न पाहता म्हणाली, ''आजोबा, सहाव्यापासून.''

तिला पाण्याच्या कामात रस होता. बड्या तलावाचे, कोलारचे, नर्मदेचे पाणी शहरभर कसे फिरते, कोणत्या भागाला ते किती दाबाने मिळते, हे तिने शाळेच्या प्रकल्पासाठी शोधून काढले होते. वडिलांचे म्हणणेही पोकळ नव्हते. मुलगी डोळ्यांसमोर राहील, संगणकात नोकरी लवकर लागेल, स्थापत्यात मुलींना साइटवर उन्हातान्हात उभे राहावे लागते, असे ते म्हणाले. मी निकाल दिला नाही. दोन प्रश्न मात्र विचारले: मुलासाठी खर्चाची मर्यादा किती ठरवली होती? आणि मुलीसाठी तीच आहे का? पहिल्याचे उत्तर त्यांनी दिले. दुसऱ्याला काही वेळ गप्प राहिले. गंमत अशी की मुलीने मागितलेला पर्याय त्यांच्या पाचही पर्यायांपेक्षा स्वस्त होता. म्हणजे आड येत होता तो पैसा नव्हता. आड येत होते ते अंतर.

शेवटी यादी उलटली. मुलगी जबलपूरला गेली, आता दुसऱ्या वर्षात आहे, आणि सुटीत आली की खानावळीच्या वरणाबद्दल तक्रार करते. निर्णय बरोबर ठरला की नाही, हे सांगण्याची वेळ अजून आलेली नाही, आणि माझा मुद्दाही तो नाही. चूक निघाली तर ती तिची चूक असेल. तिच्यातून ती शिकेल. दुसऱ्याच्या चुकीतून माणूस बहुधा फक्त चडफडायला शिकतो.

येथे माझ्या जुन्या व्यवसायातील एक गोष्ट उपयोगी पडते. सचिवालयातील फाइलीवर टिप्पणी लिहिणाऱ्याचे काम ठरलेले असते. वस्तुस्थिती मांडावी, नियम काय सांगतो ते लिहावे, पर्याय द्यावेत, प्रत्येकाचा खर्च दाखवावा. फार तर शिफारस करावी. सही मात्र सक्षम अधिकाऱ्याची. टिप्पणी लिहिणारा अधिक अनुभवी असतो, कित्येकदा अधिक शहाणाही असतो. तरी सही त्याची नसते, कारण परिणामांना उत्तर देणारा दुसरा असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही शिस्त पाळावी. चार वर्षे वर्गात बसणार तो, परीक्षा देणार तो, त्या विषयावर चाळीस वर्षे पोट भरणार तो. सही त्याचीच हवी. आपल्याकडे उलटे घडते: टिप्पणीही आपण लिहितो, सहीही आपणच करतो आणि खाली नाव मात्र मुलाचे टंकून देतो.

मग पैसा देणाऱ्याला काहीच अधिकार नाही काय? अवश्य आहे. एनआयटीत नुसती ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख रुपयांच्या घरात आहे, वसतिगृह वेगळे. खासगी विद्यापीठांत आकडा याच्या कितीतरी पुढे जातो. निवृत्तिवेतनावर किंवा एका पगारावर चालणाऱ्या घराला हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून मला विभागणी अशी सुचते: 'किती' हे पालकाने सांगावे, 'कोणते' हे मुलाने ठरवावे. त्यात दोन पथ्ये. पहिले, ही मर्यादा निकालापूर्वी सांगावी. यादी पाहिल्यावर ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते, तो नकार असतो. दुसरे, मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी ती एकच असावी. केंद्रीय संस्थांत मुलींचे प्रमाण वाढावे म्हणून सरकारने २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या. सरकारने जागा वाढवल्या आणि घराने अंतर मोजले, तर त्या जागांचा उपयोग काय?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःची अशी पसंती तरी असते काय? त्याची आवड मित्रांनी घडवलेली, एम. पी. नगरातल्या शिकवणी वर्गांनी घोटलेली, पगाराच्या बातम्यांनी फुगवलेली. ती 'त्याची' कशी म्हणावी? मान्य. पण आपली तरी कोठे निर्मळ असते? पसंती आपली आहे की उसनी, हे पाहण्याची एक कसोटी मला उपयुक्त वाटते. मुलाने स्वतःला विचारावे: लग्नमुंजीत, गणेशोत्सवाच्या मंडपात कोणीही मला माझ्या कॉलेजचे नाव विचारणार नाही असे ठरले, तर माझा क्रम हाच राहील का? राहिला तर पसंती बहुतांशी आपली. बदलला तर ती मंडपाची. दुसरी कसोटी अशी: त्या शाखेचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून वाचावा. नाव सर्वांनाच आवडते. विषयांची यादी वाचूनही ज्याचा उत्साह टिकतो त्याने पुढे जावे.

नावाला काहीच अर्थ नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या महाविद्यालयांत प्रवेश मिळालेले विद्यार्थी त्यांनी घेतले. काही नामांकित ठिकाणी गेले, काहींनी साधे ठिकाण पत्करले. पुढील कमाईत दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ज्या गुणांमुळे प्रवेश मिळाला होता ते गुण त्यांच्याबरोबरच होते. परंतु गरीब घरांतून आलेल्या मुलांना नामांकित संस्थेचा निश्चित लाभ झाला. देश वेगळा, तरी बोध घेण्याजोगा आहे. ज्याच्या पाठीशी ओळखी, भाषा आणि पुस्तके आहेत त्याला नावाची गरज कमी. ज्याच्या घरातून पहिलाच कोणी शिकतो आहे त्याला ती जास्त. आपल्यासारख्या, तीन पिढ्या शिकलेल्या घरांनी नावासाठी जीव टाकावा आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या हुशार मुलाला 'जवळचेच बघ' असे सांगावे, हे त्यामुळे दुहेरी अन्यायाचे होते.

गीतेतील स्वधर्माचा विचार आपण पुष्कळदा मुलांना त्यांच्या जागी बसवण्यासाठी वापरतो. त्याचा रोख मला वेगळा दिसतो. दुसऱ्याचे उत्तम रीतीने निभावलेले जीवनही आपले होत नाही, हे त्यातले सांगणे वडीलधाऱ्यांनाही लागू आहे. आपली अपुरी राहिलेली इच्छा मुलाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिणे, हे त्याच्या वाट्याचे आयुष्य आपण जगू पाहणे होय.

तेव्हा पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी ही वेळ येणार आहे त्यांना विनंती आहे. माहिती भरपूर द्या, खर्चाचा आकडा आधी सांगा, शंका विचारा, वाटल्यास शिफारसही करा. मग यादी 'लॉक' करण्याची वेळ आली की खोलीचे दार ओढून घेऊन बाहेर या.